कडूबाभाऊ आणि सकस आहार

कडूबाबरोबर विद्यापीठात आलेली पोरं आता प्राध्यापक झाली होती, पोटं सुटली होती, केस गेले होते. कडूबा अजून शिकतच होता. आधी मराठीत एम.ए. केलं, मग इतिहासात केलं, मधे ग्रंथालयशास्त्राला नाव घातलं, पत्रकारितेचा कोर्स अर्ध्यात सोडला आणि शेवटी पीएच.डी.ला लागला. ती लागली ती सुटेचना. नवी पोरं त्याला 'भाऊ' म्हणत. विभागातले दोन प्राध्यापक त्याचे वर्गमित्रच होते, ते त्याला समोरून येताना पाहिलं की भिंतीवरची सूचना वाचायला थांबत.

गाव फर्दापूरजवळचं. बाप धोंडिबा अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्या पर्यटकांना गारगोट्या विकायचा. साधा दगड तळहातावर धरायचा, उन्हात असा फिरवायचा आणि असं काही बोलायचा की समोरच्याला दगडात चांदणं दिसू लागायचं. कडूबाकडं दगड नव्हते, पण बापाचं तोंड होतं. त्या तोंडावर त्याचं सगळं निभत आलं होतं.

राहायला तो बुद्धभूषणच्या खोलीत होता. वसतिगृहात खोली एकाच्या नावावर आणि मुक्काम दुसऱ्याचा असला की त्या दुसऱ्याला 'पॅरासाईट' म्हणतात. कडूबा त्या जमातीतला सगळ्यात ज्येष्ठ. बुद्धभूषण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. भिंतीवर बाबासाहेबांचा पुस्तकात डोकं घातलेला फोटो होता. त्याच्याकडं बघून बुद्धभूषण पहाटे उठायचा. कडूबाही त्याच्याकडं आदरानं बघायचा आणि कुशीवर वळायचा.

त्याच्या प्रबंधाचा विषय होता 'मराठवाड्याच्या लोकगीतांतील भुकेचं दर्शन'. गंमत अशी, की सगळ्या विद्यापीठात भुकेशी ओळख नसलेला माणूस कोण, तर कडूबा. वसतिगृहातली निम्मी पोरं एकवेळच्या डब्यावर दिवस ढकलायची, मुरमुरे आणि चहावर परीक्षा द्यायची. कडूबाला त्याची झळ नव्हती. विद्यापीठ म्हटलं की चर्चासत्रं आली, आणि चर्चासत्र म्हटलं की जेवण आलं. वनस्पतीशास्त्राची परिषद असली की श्रीखंड-पुरी. अर्थशास्त्रवाले हात आखडते, त्यांच्याकडं पुलाव आणि पापड. रसायनशास्त्रात कुणाची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा असली की तो बिचारा उमेदवार परीक्षकांना जेवू घालायचा, त्या पंगतीतली शेवटची खुर्ची कडूबाची. तो कार्यक्रमात मागच्या रांगेत बसायचा, समारोपाच्या जरा आधी उठून विचारायचा, "याचा ग्रामीण भागावर काय परिणाम होईल?" हा प्रश्न कुठल्याही विषयाला चालतो. अध्यक्ष "फार महत्त्वाचा मुद्दा" म्हणायचे, आणि त्या मुद्द्याच्या जोरावर कडूबा ताट उचलायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना अभ्यासिकेत अपेक्षा चक्कर येऊन पडली.

अपेक्षा पैठणकडची, गणिताच्या शेवटच्या वर्षाला. कडूबा तिथं फुकटचं वर्तमानपत्र आणि फुकटचा पंखा यांच्यासाठी बसलेला. धपकन आवाज झाला म्हणून वळला, तर पोरगी बाकाखाली. मैत्रिणींनी पाणी मारलं, तिला उठवून बसवलं. कडूबा पुढं झाला.

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"चहा."

"आन् काल?"

अपेक्षा ओल्या तोंडावरून ओढणी फिरवू लागली. तिच्या शेजारची मुलगी म्हणाली, "आम्ही एका डब्यात दोघी जेवतो, भाऊ. काल माझा भाऊ आला होता गावाहून. त्याला जेवू घातलं. मग हिच्या वाट्याला काही उरलं नाही, आन् ही बोलली पण नाही."

"बोलून काय भाकरी वाढती का?" अपेक्षा म्हणाली आणि वही शोधू लागली.

त्या दुपारी भूगोल विभागात एका शिपायाचा निरोप समारंभ होता. बासुंदी होती. कडूबानं पहिला घास घेतला आणि तो घशात अडकला. हे त्यानं पुढं कित्येक भाषणांत सांगितलं. बासुंदीची वाटी तोंडाला लावल्यावर तो घास खाली उतरला, हे मात्र कधी सांगितलं नाही. पण अडकला होता हे खरं, आणि कडूबाच्या आयुष्यात तसं पहिल्यांदाच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांवर सतरंजी पडली. माईक आला. 'उपाशीपोटी पदवी नको' असा फलक लागला. कडूबाला या आंदोलनासाठी एक चेहरा पाहिजे होता. तो अपेक्षाकडं गेला.

"तू या लढ्याचा चेहरा हाय."

"मला नका बसवू पुढं, भाऊ. मला चक्कर आली होती, त्यात मी काय पराक्रम केला?"

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय हे."

"माझ्यासाठी असंल तर मला आत बसून गणितं सोडवू द्या. पेपरात फोटो आला तर बाप घरी घेऊन जाईल. पोरीला जेवायला मिळत नाही म्हटल्यावर तो शिकू देईल का?"

पण कडूबापुढं कुणाचं चाललंय? शेवटी ती बसली, पण गाडीवरून जाताना मुली बांधतात तशी ओढणी तोंडाला घट्ट बांधून. नुसते डोळे दिसत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या ओढणीचा फोटो आला आणि खाली ओळ होती, 'लढ्याचा चेहरा'.

ठरलं होतं साखळी उपोषण. आज कडूबा, उद्या दुसरा, परवा तिसरा. पण हातात माईक, समोर शे-दोनशे पोरं, वरून टाळ्या. कडूबाच्या तोंडून निघून गेलं, "मी आमरण उपोषणाला बसतोय!"

टाळ्या थांबल्यावर बुद्धभूषण जवळ आला. "साखळी म्हणायचं ठरलं होतं ना?"

"निघून गेलं तोंडातून."

"मग आता मर," बुद्धभूषण म्हणाला आणि अभ्यासाला गेला.

पहिला दिवस मजेत गेला. लोक येत होते, हार घालत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र कडूबाला पोटात कुणीतरी पान्ह्यानं नट आवळतंय असं वाटायला लागलं. समोरच्या झाडावर एक खार काहीतरी कुरतडत होती, तिचा त्याला राग आला. भाषणाला आलेला प्रत्येक जण जेवून आलेला आहे हे त्याला नुसत्या वासावरून कळू लागलं. संध्याकाळी त्याला स्वतःच्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण आठवलं. त्याचं नाव होतं 'भुकेचं सौंदर्य'. ते प्रकरण त्यानं दोन गुलाबजाम खाऊन एका बैठकीत लिहिलं होतं आणि मार्गदर्शकांनी त्यावर 'उत्तम' असा शेरा मारला होता. ते आठवून त्याला इतकी शरम वाटली की त्यानं तोंडावर पंचा ओढून घेतला. बघणाऱ्यांना वाटलं, प्रकृती खालावली.

तिसऱ्या दिवशी कुलगुरू आले. कुलगुरूंच्या मागं कुलसचिव, त्यांच्या मागं फोटोवाले, आणि सगळ्यांच्या मागं एक शिपाई ताटलीत मोसंबीच्या रसाचा ग्लास घेऊन. कडूबाला त्यातला फक्त शिपाई दिसला.

कुलगुरूंनी माईक घेतला. "विद्यार्थ्यांची भूक ही माझी भूक आहे," ते म्हणाले. ते नुकतेच जेवून आले होते. "या विद्यापीठातल्या प्रत्येक नियमित, नोंदणी चालू असलेल्या विद्यार्थ्याला दुपारचं सकस जेवण मोफत मिळेल. मान्य?"

ग्लासात रसाच्या वर मोसंबीचा गर तरंगत होता. "मान्य," कडूबा म्हणाला. त्या क्षणी कुलगुरूंनी जेवणाऐवजी गुळाचा एकेक खडा देऊ केला असता, तरी तो मान्यच म्हणाला असता.

"खर्चाचं कसं, असं तुम्ही विचाराल," कुलगुरू पुढं म्हणाले. कुणीच विचारलं नव्हतं. "शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका उद्योजकानं मदत देऊ केली आहे. बाकीचं आपण काटकसरीतून उभं करू. आजपासून सगळ्या विभागांतली चर्चासत्रांची, परिषदांची, निरोप समारंभांची जेवणावळ बंद. यापुढं चर्चासत्रात फक्त चर्चा होईल."

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कडूबानंही दोन टाळ्या वाजवल्या. तिसरीला त्याचे हात हवेतच राहिले.

जुन्या बॅडमिंटन हॉलचं भोजनगृह झालं. दारावर भला मोठा फलक लागला, त्यावर रस पिणारा कडूबा आणि रस पाजणारे कुलगुरू. जेवण ठरवायला श्रेया मॅडम नावाच्या आहारतज्ज्ञ नेमल्या. वय कोवळं, शिक्षण पुण्याचं, आणि मन निर्मळ. एका थाळीत किती प्रथिनं, किती लोह हे सांगताना त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. त्यांनी तेल काढून टाकलं, तिखट काढून टाकलं, मीठ जवळजवळ काढून टाकलं. राहिलं ते सकस. उकडलेला दुधी, मोड आलेले मूग, बिटाची कोशिंबीर, ताक आणि ज्वारीची भाकरी. भाकरीला त्या 'मिलेट' म्हणत. ज्यांच्या सात पिढ्या ज्वारीवर गेल्या ती पोरं हा शब्द ऐकून ताटात नवीन काय आलंय ते शोधायची.

उद्घाटनाला पाहुण्यांनी फीत कापली, दुधीचा घास फोटोपुरता ओठाजवळ नेला आणि सगळे अतिथिगृहाकडं निघाले. तिकडून मटणाचा खमंग वास येत होता.

मग दार उघडलं. दारात अंगठ्याचं मशीन आणि शेजारी पहारेकरी. कडूबाला रांग नको म्हणून पोरांनी त्याला उचलूनच पुढं आणला. "भाऊ पहिले! भाऊ पहिले!" कडूबानं हात जोडले, गर्दीकडं बघून मान हलवली आणि अंगठा ठेवला.

मशीन म्हणालं, "नोंदणी आढळली नाही."

अंगठा पँटला पुसून त्यानं पुन्हा ठेवला. मशीन पुन्हा तेच म्हणालं, त्याच गोड आवाजात. पहारेकऱ्यानं वर फोन करून विचारून घेतलं. कडूबाच्या पीएच.डी.ची मुदत केव्हाच संपली होती. मुदतवाढ घ्यायची त्यानं कधी तसदी घेतली नव्हती.

"बाजूला व्हा," पहारेकरी म्हणाला.

"अरे, मी कोण हाय माहीत हाय का? वर बघ फलकावर."

पहारेकऱ्यानं वर बघितलं, खाली बघितलं. "व्हय, तुम्हीच आहात. पण वर फोटो लावायला नोंदणी लागत नाही, साहेब."

रांग पुढं सरकली. ज्यांनी त्याला उचलून आणलं होतं ती पोरंही "आलोच भाऊ" म्हणत आत गेली. भूक लागली होती त्यांना.

संध्याकाळी बुद्धभूषणनं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, हे त्याचं मोठेपण. एवढंच म्हणाला, "तू देशातला पहिला माणूस असशील, ज्यानं उपोषण करून स्वतःचं जेवण बंद पाडलं."

ते शब्दशः खरं होतं. चर्चासत्रं ओस पडली. वनस्पतीशास्त्राच्या परिषदेत आता एक पार्ले बिस्किट आणि चहा. कडूबा तिथंही गेला, ग्रामीण भागावरचा प्रश्न विचारला, पण त्याच्या आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. बुद्धभूषणच्या डब्यातलं किती खाणार? तो खोलीत येण्याआधी बाहेरूनच "जेवून आलोय रे" म्हणायचा. याच दिवसांत त्यानं एकदा 'भुकेचं सौंदर्य' बाहेर काढलं, दोन पानं वाचली आणि फाडून टाकलं. त्याच्या सगळ्या संशोधनातलं प्रामाणिक काम म्हणाल तर तेवढंच.

एका दुपारी तो भोजनगृहाच्या बाहेर कठड्यावर बसला होता. बसायला दुसरी जागा नव्हती असं नाही, पण पाय तिकडंच वळायचे. अपेक्षा बाहेर आली, इकडंतिकडं बघितलं आणि ओढणीत गुंडाळलेली भाकरी त्याच्यापुढं धरली. आत खा, बाहेर नेऊ नका, असा तिथला नियम होता.

"नको," कडूबा म्हणाला. "मला लाज वाटती."

"मलाही वाटली होती. सतरंजीवर बसवलंत तेव्हा मी पण नकोच म्हणाले होते. तुम्ही ऐकलं का?"

कडूबा नखानं कठड्याचा पोपडा उकरू लागला.

"मग मी पण ऐकणार नाही. खा."

त्यानं खाल्ली. कोरडी भाकरी, वर नावाला दुधी. शेवटचा तुकडा तोंडात असताना त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं, लढा, समाज, असं काहीतरी. पण भाकरी कोरडी होती, शब्द फुटला नाही. अपेक्षानं ओढणी झटकली आणि ती तासाला निघून गेली.

इकडं भोजनगृहातही रामराज्य नव्हतं. पहिले काही दिवस झुंबड उडाली. मग पोरं दुधीला कंटाळली. ताटं अर्धी परत यायला लागली. काही पोरं कंपासपेटीत ठेचा भरून आणायची आणि मॅडमची पाठ वळली की मुगावर ओतायची. स्वयंपाक करणाऱ्या सारजाबाई तोंडानं काही बोलत नसत, पण परत आलेली भाजी पातेल्यात ओतताना एवढा आवाज करत की सगळ्या हॉलला कळायचं. श्रेया मॅडम रडकुंडीला आल्या होत्या.

त्या दिवशीही कडूबा कठड्यावरच होता. तीनचार पोरं दारातून डोकावली. "आजबी दुधीच हाय," म्हणून परत फिरली. कडूबाला राहवेना. तोंड बापाचं.

"काहून परत चाललात रे? दुधी म्हणजे काय समजलात? अजिंठ्याची चित्रं रंगवणारे कारागीर काय खायचे? दुधी. त्याशिवाय अंधारात हात इतका थिर राहतो का? त्यांचा रंग उडाला नाय इतक्या शतकांत. तुमच्या तोंडाचा रंग बघा."

हे कुठं लिहिलंय, असं कुणी विचारलं नाही. पोरं हसली, हसत हसत आत गेली आणि दुधी खाऊन आली. दारात उभ्या असलेल्या श्रेया मॅडमनी सगळं ऐकलं होतं. त्यांना माणूस सापडला.

अशा रीतीनं कडूबा कंत्राटी 'पोषणमित्र' झाला. डोक्यावर जाळीची टोपी, अंगात पांढरा डगला, आणि दुपारचं जेवण कामगाराच्या खात्यातून. तो ताटांमधून फिरायचा, मुगाचा महिमा गायचा, बिटाला माणिक म्हणायचा. चार दिवसांत अधिकार त्याच्या अंगात मुरला. तो दारात उभा राहून खिसे तपासू लागला. ठेच्याच्या डब्या जप्त होऊ लागल्या. "नियम म्हणजे नियम," तो म्हणायचा, ज्यानं आयुष्यात वसतिगृहाचा एक नियम पाळला नव्हता तो. जप्त झालेला ठेचा पोरं पांगल्यावर तो आणि सारजाबाई मिळून खात.

पोरांनी एकदा त्याच्याविरुद्धच घोषणा दिल्या. कडूबा टोपी सावरत दारात येऊन ऐकत राहिला. "यमक नाय जमलं," तो सारजाबाईंना म्हणाला. "आमच्या वेळी घोषणेवर मेहनत घ्यायचे लोक."

"तुमच्या वेळेला होऊन किती दिवस झाले?" सारजाबाईंनी विचारलं. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

मग एक दिवस रांगेत अपेक्षा आली. तिनं अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, "विभागाशी संपर्क साधा."

कडूबा मशीनशेजारीच उभा होता. "काय झालं?"

"शिष्यवृत्ती आली नाही अजून. ती आल्याशिवाय फी भरता येत नाही. फी नाही म्हणून नाव थांबवलंय." हे सांगताना ती रांगेतून बाजूलाही झाली होती. या गोष्टीची सवय असलेलं माणूस जसं होतं तशी.

"वरून नियम हाय," कडूबाच्या तोंडून निघालं.

शब्द बाहेर पडले आणि त्यालाच ऐकू आले. पहारेकरी त्याला बोलला होता तोच सूर.

"माहीत आहे मला," अपेक्षा म्हणाली. "तुम्हीच मान्य म्हणाला होता." आणि ती गेली.

 मागून पोरं अंगठे ठेवत होती, मशीन 'धन्यवाद, धन्यवाद' म्हणत होतं. कडूबानं आपल्या वाट्याचं ताट वाढून घेतलं आणि बाहेर आला. अपेक्षा ग्रंथालयामागच्या नळाशी बाटली भरत होती. अर्धी बाटली तिनं तिथंच घटाघटा प्यायली होती.

"जेव," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मला ठेचा असतो."

तिनं ताट घेतलं, पायरीवर बसली आणि जेवली. मधेच म्हणाली, "माझ्या एकटीचं नाही हे, भाऊ. आमच्या वसतिगृहात शिष्यवृत्तीवाल्या सगळ्यांचंच थांबलंय. तुम्ही तुमचं ताट किती जणींना देणार?"

कडूबानं भाषण केलं नाही. उपोषणाचा विचार त्याच्या मनात आला, पण पोटानं तो तिथल्या तिथं फेटाळला. दुसऱ्या दिवशी दुपारी रांग लागली. ओढण्या, दप्तरं, उतरलेली तोंडं, त्यातल्या काहींचा अंगठा चालणार नाही हे त्याला लांबूनच कळत होतं. एकदा भूक ओळखीची झाली की गर्दीतही दिसते. तो वाकला आणि मशीनचा प्लग काढला.

"लाईट गेली!" तो ओरडला. "चला, आत चला, भाकरी गार होईल."

पहारेकऱ्यानं वर बघितलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता, ट्यूबलाइट लख्ख.

"एका फेजची गेली," कडूबा म्हणाला.

पहारेकऱ्याची पोरगी याच शहरात कुठल्याशा कॉलेजात शिकत होती. तो पंख्याकडं आणखी जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "व्हय. इथलं वायरिंग जुनंच हाय."

ती फेज रोज जाऊ लागली. पहिली भाकरी वाढायच्या वेळेला जायची, शेवटचं ताट धुतलं की यायची. सारजाबाईंनी न विचारता पीठ जास्त मळायला सुरुवात केली. शेवटी श्रेया मॅडम आल्या.

"कडूबाभाऊ, ही लाईट फक्त जेवायच्या वेळेला जाते?"

"आपल्याकडं भारनियमन लई शिस्तीचं हाय, मॅडम."

मॅडम दोन पावलं आत आल्या. त्यांनी हॉलवरून नजर फिरवली. कोपऱ्यातल्या बाकावर चार मुली मान खाली घालून जेवत होत्या. ताटातला मूग न् मूग वेचून खात होत्या, दुधीसुद्धा शिल्लक ठेवत नव्हत्या. असं जेवणारं माणूस मॅडमनी आतापर्यंत बघितलं नव्हतं. त्यांच्या थाळीला एवढा मान कुणी दिला नव्हता.

"मशीन नादुरुस्त आहे, असं मी वर कळवते," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीला पाठवावं लागेल."

कडूबाचा चेहरा पडला. मॅडम जरा हसल्या. इतक्या दिवसांत त्यांनाही विद्यापीठ कळायला लागलं होतं. "आधी समिती बसेल. मग दरपत्रकं मागवतील. सभागृहातला माईक दुरुस्तीला गेलाय, तो कुणी पाठवला होता हे आता कुणाला आठवतसुद्धा नाही."

मशीन गेलं. त्याच्या जागी सारजाबाईंनी लोणच्याची बरणी ठेवली. मॅडमनी ती बघितली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि आठवड्याभरानं थाळीत 'हिरव्या मिरचीची जीवनसत्त्वयुक्त चटणी' आली. ती ठेचाच होती. दुधी संपू लागला.

जेवणारे वाढले, तसे वरचे लोक खूश झाले. बाहेरून एक पाहणी समिती आली. लाभार्थ्यांचा वाढता आकडा बघून तिनं कौतुकाचा अहवाल दिला. त्याबद्दल झालेल्या सत्काराला कुलगुरू बोलायला उभे राहिले. "या यशाचं रहस्य एकच," ते म्हणाले. "आधुनिक यंत्रणेद्वारे ठेवलेलं काटेकोर नियंत्रण."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात कडूबानं आणि पहारेकऱ्यानं. कडूबाला त्या दिवशी पडद्याची दोरी धरायचं काम होतं. फोटोत त्याचा कोपर आला.

अपेक्षानं हमीपत्र लिहून देऊन परीक्षा दिली, शिष्यवृत्ती आली ती परीक्षा संपल्यावर. सरकारला वेळेचं फार भान असतं. ती पास झाली, चांगल्या गुणांनी. शेंद्र्याच्या एका कंपनीत कामालाही लागली. जायच्या दिवशी ती भोजनगृहात आली तेव्हा पंगत उठली होती, कडूबा बाकं पुसत होता. तिच्या तोंडाला ओढणी नव्हती.

"येते, भाऊ."

कडूबानं फडकं खाली ठेवलं, घसा खाकरला. निरोपाची भाषणं त्यानं आयुष्यभर ऐकली होती, सगळी पाठ होती. पण त्यातलं एकही या पोरीला लागू पडेना.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

"जेवले."

"खरं सांगतेस?"

"खरं." ती हसली. "पोटभर."

बाहेर शेंद्र्याच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. ती गेली. कडूबा दारात उभा राहून रिक्षा वळेपर्यंत बघत होता.

आतून सारजाबाईंनी हाक मारली, "अहो पोषणमित्र, तिथं काय खांब धरून उभे राहिलात? उद्याचे मूग निवडायचे राहिलेत."

"आलो," कडूबा म्हणाला आणि सूप घ्यायला आत गेला.